गारगोटीचा निळा वाडगा

पुण्याजवळच्या एका टाइल्सच्या कारखान्यात मी अकरा वर्षं लॅबमध्ये होते. टाइलवर काचेसारखा जो थर असतो त्याला ग्लेझ म्हणतात. तो भट्टीत कुठे तडकतो, कुठे बुडबुडे धरतो, रंग कशाने उडतो हे बघणं माझं काम. मग नवऱ्याला कंपनीने डेटा सेंटरच्या कामावर अमेरिकेत अ‍ॅशबर्नला पाठवलं आणि मी राजीनामा देऊन, सात वर्षांच्या लेकीला घेऊन त्याच्यामागून आले. त्याच्या व्हिसावर तो नोकरी करू शकत होता, माझ्या व्हिसावर मी त्याची बायको असू शकत होते. पहिली दोन वर्षं हे वाक्य मी पॉटलकच्या जेवणांत, सगळे आपापले डबे घेऊन जमले की, लोकांना हसवायला म्हणायची. नंतर माझं मीच थांबवलं.

ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोचला की बायकोलाही कामाची परवानगी मिळते. आमचा अर्ज दोनदा सुरू झाला. एकदा कंपनीची मालकी बदलली, एकदा नवऱ्याचं पद बदललं, आणि दोन्ही वेळा कागद परत पहिल्या पायरीवर. तो नोकरी बदलेल तर तिथेही पहिल्यापासून. नोकरी गेलीच तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं. त्यामुळे तो ऑफिसात कोणाला नाही म्हणत नसे आणि मी घरी त्याला काही म्हणत नसे. सकाळी स्कूल बस गेली की मी चालायला जायची. सोसायटीच्या मागे डेटा सेंटरच्या, खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती, त्यांची घरघर, कुंपण, पुन्हा इमारत. अर्ध्या तासात परत दारात.

लेक नववीत असताना तिला इतिहासाचा प्रोजेक्ट होता. कुठल्याही म्युझियममधली एक वस्तू निवडायची आणि तिच्यावर लिहायचं. वॉशिंग्टनची मोठी म्युझियम्स सगळी मुलं निवडतात म्हणून तिने चाळीस मिनिटांवरचं एका कॉलेजचं छोटं म्युझियम शोधून काढलं. मी ड्राइव्ह केलं. ती मांजराच्या ममीपाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती आणि मी दुसऱ्या काचेपाशी गेले.

तिथे एक वाडगा होता. ओंजळीत मावेल एवढा. निळा, म्हणजे मोरचुदाच्या खड्यासारखा निळा, आणि आतून काळसर रेघांनी चितारलेला. मधे चौकोनी तळं, चारी बाजूंना कमळं, आणि तीन मासे. नीट बघितलं तेव्हा कळलं की तिघांना मिळून डोकं एकच आहे. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी असे वाडगे करत, दूध ठेवायला की देवीपुढे मांडायला ते नक्की माहीत नाही. पदार्थाचं नाव फायान्स. माती नव्हेच ती. गारगोटी कुटून केलेली पूड, थोडा चुना, थोडा सोडा, आणि निळ्या रंगासाठी तांबं. पाटीवरचा तेवढा भाग मी तीनदा वाचला. हे तर माझं काम होतं.

मग मला काठ दिसला. काठाला बोटभर जागेत पांढरं काहीतरी फुललं होतं, बुरशीसारखं मऊ. बुरशी नव्हती. ओल्या भिंतीला लोणा फुटतो तसा वाडग्याच्या आतला क्षार बाहेर येत होता. कारखान्यात अशा टाइल्स मी शेकड्यांनी बाद केल्या होत्या. क्षार ग्लेझच्या मागे साचतो, वाळून फुगतो आणि एक दिवस ग्लेझचा पापुद्रा उडवून टाकतो.

मी गार्डला सांगितलं. त्याने मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. लेक जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, प्लीज." पण गार्डने फोन केला आणि दहा मिनिटांनी खालून एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, कपाळावर भिंग चढवलेलं. म्युझियमच्या वस्तूंची डागडुजी आणि निगा त्यांच्याकडे होती. कॉन्झर्व्हेटर म्हणतात. चेहऱ्यावरून वाटत होतं की जेवताना उठवलं असावं. त्यांनी काचेला नाक लावून बघितलं.

"तुला हे कसं कळलं?" त्यांनी विचारलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण मला त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं, आणि त्यात त्या मला पहिल्या दिवसापासून तू म्हणतात.

मी सांगितलं. टाइल्स, अकरा वर्षं, वगैरे. मग त्यांनी विचारलं की आता कुठे काम करतेस. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कुठेच नाही.

परतीच्या वाटेवर लेकीने फक्त तीन माशांबद्दल विचारलं. "हाऊ डू दे डिसाइड व्हेअर टू गो?" तिने शेवटी मांजराच्या ममीवरच लिहिलं.

बाईंनी मला स्वयंसेवक म्हणून बोलावलं. पगार नसेल तर व्हिसाची अडचण नाही, असं आम्ही दोघींनी आपापल्या परीने विचारून घेतलं. दर गुरुवारी मी साडेनऊला तिथे असायची. काम तळघरात. एक खोली लॅबची, तिच्या मागे वस्तूंचं भांडार. माझ्या गळ्यात लाल पट्टीचं कार्ड असायचं. त्या कार्डाने लॅबचं दार उघडायचं, भांडाराचं नाही. भांडारात बाई घेऊन जायच्या आणि बाहेरही त्याच काढायच्या, कारण दार आतून उघडायलाही कार्ड लागे.

एकदा त्या मला आत सोडून मीटिंगला गेल्या आणि मीटिंग लांबली. आत फोनला रेंज नव्हती. भिंतीवर एक टेलिफोन होता, तो मी उचलला नाही. उचलला असता तर कोणीतरी धावत आलं असतं, कागद भरले असते, बाईंना बोल लागला असता. म्हणून मी दीड तास स्टुलावर बसून राहिले. ड्रॉवरवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग त्याही संपल्या. बाई धापा टाकत आल्या, पुन्हा पुन्हा माफी मागत राहिल्या. मी हसून म्हटलं, मला सवय आहे. आणि म्हटल्यावर माझ्याच अंगावर काटा आला, कारण ते खरं होतं. दीड तासात एकदाही दार ठोठावावं असं मला वाटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर मात्र मला इतका राग आला की दहा मिनिटं किल्ली लावता आली नाही. राग कोणावर, तेही ठरवता येईना.

पण लॅबमधले गुरुवार चांगले होते. वाडग्याला हात लावण्याआधी बाईंना खात्री हवी होती की पाण्यात ठेवला तर त्याचं काही बिघडणार नाही. त्यासाठी तसाच पदार्थ करून बघायचा ठरला. बाईंकडे चाचणीची एक छोटी भट्टी होती, डब्यासारखी. मी गारगोटीची पूड, सोडा, चुना आणि तांब्याची भुकटी एकत्र मळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कळलं की इजिप्तच्या त्या कारागिराला किती त्रास झाला असेल. ते मळलेलं ऐकतच नाही. ओढलं की फाटतं, सोडलं की पसरतं. मातीसारखं चाकावर चढत नाही. पहिली वाटी माझ्या हातातच बसली. दुसरी वाळताना चिरली. तिसरी भट्टीत वाकून बशीसारखी झाली. बाई म्हणाल्या की त्यांच्याकडून तर अशी एकही वाटी उभी राहिली नव्हती.

चौथी मी कापडात गुंडाळलेल्या वाळूच्या पुरचुंडीवर थापली आणि वाळू काढून घेतली. ती वाळताना तिच्यावर पांढरी साय आली. तोच क्षार. ओला असताना तो पाण्याबरोबर वर येतो, आणि भट्टीत वितळून तोच ग्लेझ होतो, बाहेरून काही लावायला लागत नाही. भट्टीचं झाकण उघडलं तेव्हा आत निळं होतं. बाईंनी टाळी वाजवली नाही की काही नाही. वाटी उजेडात फिरवली आणि म्हणाल्या, "मी हे तीस वर्षं जपतेय. केलेलं आज बघितलं."

त्या दिवशी मी घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने फोन बाजूला ठेवून ऐकलं. वाटीचा फोटो त्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, हे मला नंतर कळलं.

त्या वाट्यांवर चाचण्या झाल्या. मूळ वाडग्याच्या काळ्या रेघेवर ओला कापूस ठेवून बघितला, रेघ हलली नाही. मग वाडगा जाळीच्या झोळीत घालून शुद्ध पाण्याच्या तबकात उतरवला. रोज पाणी बदलायचं आणि पाण्यात किती क्षार उतरला ते मीटरवर बघायचं. आकडा रोज कमी होत गेला पाहिजे. हे गुरुवारपुरतं काम नव्हतं, म्हणून मी आठवड्यातून चारदा जायला लागले. लेक म्हणायची, "यू हॅव अ जॉब नाऊ." मी म्हणायची, तसं म्हणू नकोस.

आणि बाईंनी चांगल्या मनाने एक गोष्ट केली. मला न सांगता त्यांनी वर अर्ज केला की फायान्सच्या भांड्यांसाठी अर्ध्या वेळेची जागा हवी. भांडारात अशी अजून कितीतरी भांडी पडून होती, कमळाच्या आकाराचे पेले, सुरमा ठेवायच्या बरण्या, कितीएकांना क्षार लागलेला. अर्ज अप्रूव्ह झाला. त्या मला कॅफेटेरियात घेऊन गेल्या, कॉफी आणली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कागदावर मी गेले काही महिने करत असलेलं सगळं काम ओळीने लिहिलं होतं.

मी तो वाचला. मग त्यांना सांगितलं की मला हे घेता येणार नाही. त्यांना वाटत होतं की म्युझियमने स्पॉन्सर केलं की व्हिसा वगैरे होतो. मी समजावलं की अर्ध्या वेळेच्या जागेसाठी सहसा कोणी व्हिसा काढून देत नाही, आणि माझी परवानगी नवऱ्याच्या अर्जाला बांधलेली आहे, आणि तो अर्ज कुठे अडकलाय तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, मग तू स्वयंसेवकच राहा, जागा रिकामी ठेवू.

तेही झालं नाही. दोन दिवसांनी ऑफिसमधून बोलावणं आलं. तिथल्या बाईने अगदी सौम्यपणे सांगितलं की ज्या कामाला आता पगार आहे ते काम कोणाकडून फुकट करून घेता येत नाही. कायदा तसा आहे, आणि तो माझ्यासारख्यांच्याच भल्यासाठी आहे. मी मान डोलावली. खरंच तसाच होता तो कायदा, मला त्यात खोट काढता येईना. लाल पट्टीचं कार्ड मी टेबलावर ठेवलं.

बाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच तुला बाहेर काढलं."

मी म्हटलं, तसं नाही. वाडगा तेव्हा पाण्यात होता, नववा दिवस होता.

त्या जागेवर एका बाईंची नेमणूक झाली. या विषयात शिकलेल्या होत्या, कामाच्या होत्या, त्यांच्याबद्दल मला काही तक्रार नाही. कॉन्झर्व्हेटर बाई मात्र रोज मला एक मेसेज पाठवायच्या. फक्त आकडा. मीटरवरचा. मी ग्रोसरीच्या रांगेत, लेकीच्या डान्स क्लासबाहेर, कुठेही असले तरी तो बघायची. कमी, अजून कमी, अजून कमी. मग एके दिवशी आकडा एकदम चढला आणि खाली एक ओळ होती, फोन कर.

वाडगा केव्हातरी फार पूर्वी दोन तुकड्यांत फुटला होता आणि कोणीतरी तो चिकटवला होता. इतका बेमालूम की आम्हा दोघींनाही भिंगातून जोड दिसला नव्हता. तो जोड पाण्यात सुटला होता. नव्या बाईंचं म्हणणं होतं की ताबडतोब बाहेर काढून वाळवावा. बाईंना ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, मला आत येता येणार नाही. त्या म्हणाल्या, "म्युझियम सगळ्यांना उघडं आहे. तू पाहुणी म्हणून ये."

मी गेले. आतल्या हॉलमध्ये तिकिटाच्या खिडकीसमोर एक बाक आहे, तिथे बसले. बाई तळघरातून वर यायच्या, फोनवरचे फोटो दाखवायच्या, मी काहीतरी विचारायची, त्या परत खाली जायच्या. सुटलेल्या कडेवर पांढरं दिसतंय का? खाली, वर. दिसतंय. बोट लावल्यावर कणी सुटते की घट्ट आहे? खाली, वर. घट्ट आहे. पाणी कधी बदललंत? अशा त्या सहा-सात वेळा जिना चढल्या. साठीच्या पुढची बाई, गुडघा धरत. मधल्या वेळात शाळेची सहल आली आणि मुलं माझ्या बाकावर डबे उघडून बसली. त्यांच्या मधे बसून मी विचार करत होते.

शेवटी मी सांगितलं, "काढू नका. आता जो आकडा वाढलाय तो फुटीच्या आतला क्षार आहे, इतकी वर्षं त्या गोंदामागे अडकलेला. तो निघू दे. आत्ता वाळवला तर काठावर झालं तेच आतून होईल, आणि मासे जातील."

"किती दिवस?"

"आकडा आधी होता तिथे येऊन तीन दिवस तसाच राहीपर्यंत."

"तुझी खात्री आहे?"

खात्री नव्हती. टाइल बाद झाली तर दुसरी असते. पण मी हो म्हटलं, कारण खाली जाऊन कोणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं एवढंच माझ्या हातात होतं. घरी पोचायला उशीर झाला. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं ट्रॅफिक.

त्यानंतर अकरा दिवस आकडे आले. बाराव्या दिवशी फोटो आला. दोन तुकडे टिपकागदावर, कोरडे, आणि काठ स्वच्छ. एक खपली उडाली नव्हती. मी किचनच्या फरशीवर बसून थोडं रडले, मग भाजी करपली म्हणून उठले.

वाडगा जोडून परत काचेत आला तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. बाई वर आल्या, लेकीशी बोलल्या, नवऱ्याशी हात मिळवला. पाटी नवी होती, तिच्यावर त्याची शुश्रूषा झाल्याचं लिहिलं होतं. कोणी केली ते अशा पाट्यांवर कधीच लिहीत नाहीत. नवरा बराच वेळ काचेपाशी उभा होता. त्याला वाटलं होतं वाडगा मोठा असेल. मग त्याने मला सगळं विचारलं, जोड कुठे आहे, क्षार कुठे होता, तांबं किती घालतात. त्याच्या कामाचं मी इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

परत येताना तो गाडी चालवत होता. लेक मागे हेडफोन लावून. एक एक्झिट चुकल्यावर तो म्हणाला, "तू परत जा, पुण्याला. तुला कुठेही लॅबमध्ये घेतील. मी इथे थांबतो."

"आणि ही?"

लेकीची दहावी संपत आली होती. आता तिकडे नेलं तर तिचं सगळं मोडणार, इथे ठेवलं तर मी नसणार. त्यालाही सगळं सोडून परत जाता येत नव्हतं, कारण तिचा खर्च आणि तिचं इथे असणं दोन्ही त्याच्याच व्हिसावर होतं. आणि एकवीस पूर्ण झाली की तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागणार होता, ते वेगळंच. आम्ही हे सगळं पूर्वीही बोललो होतो, पण वैतागून, एकमेकांवर. या वेळी तो मनापासून म्हणाला होता. म्हणूनच मला जास्त जड गेलं.

"तुझ्या कामाला इथे वाट नाही, हे मला आज दिसलं," तो म्हणाला. "मला वाटायचं तुला घरी कंटाळा येतो. कंटाळा नव्हता तो."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, दोन वर्षं. हिचं हायस्कूल होऊ दे, मग बघू. तो म्हणाला, दोन वर्षं काय, दहा गेली. मी म्हटलं, दहा नाही, नऊ.

बाई त्या उन्हाळ्यात रिटायर झाल्या. आता त्या त्यांच्या बहिणीजवळ राहतात, दुसऱ्या राज्यात, आणि अधूनमधून फोन करतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यांचं. नव्या बाईंनी पेले करायला घेतले आहेत, त्यांचा मला कधी मेसेज येत नाही, यायचं कारणही नाही. नवऱ्याच्या कंपनीने अर्ज तिसऱ्यांदा सुरू केला आहे. वकिलाकडून मागच्या आठवड्यात ईमेल आला की माझी पदवीची प्रमाणपत्रं पुन्हा स्कॅन करून पाठवा, पहिली नीट दिसत नाहीत. मी ती पाठवली.